व्हाळार जावन येतंय

एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होतो. निवृत्त झालो तरी दिवसाचा हिशेब वेबिलासारखा लिहायची सवय काही सुटली नाही. कुठून किती चढले, कुठे किती उतरले, रोकड किती, वेळ किती. आज भाद्रपद शुद्ध द्वितीया. उद्या हरतालिका, परवा गणपती. उद्या सकाळपासून घरात सतरा माणसं असणार आहेत. आज मात्र मी एकटा.

पहाटे ४.४०

गजर पाचचा लावला होता. त्याआधी शीळकरी कस्तुराने उठवलं. घरामागच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूला बसून हा पक्षी पावसाळाभर पहाटे शीळ घालतो. माणूसच कुणी गुणगुणत पाणंदीने चाललाय असं वाटतं. सूर धरतो, चढवतो आणि मध्येच सोडून देतो. अर्धवट राहिलेलं ते कडवं आपणच पुरं करावं असं वाटत राहतं आणि झोप जाते ती जातेच.

उठून कॅलेंडरचं मागचं पान बघितलं. त्यावर बायकोने फोनवरून सांगितलेली यादी आहे. तेवीस कलमं. बायको चैत्रापासून डोंबिवलीला आहे, नातू झाला म्हणून. म्हणजे यंदा तीच चाकरमानी. तीच गाडीने येणार, तीच स्टेशनावर उतरून ‘घराकडे सगळां बरां मा?’ विचारणार, आणि घर तयार ठेवणार मी.

इथे एक कबुली. चौतीस वर्षांतले बहुतेक गणपती मी जादा गाड्यांवर काढले. परळ, नेहरूनगर, मुंबई सेंट्रल. छतावर बोजे, मांडीवर पोरं, पायात पिशव्या. लोकांना त्यांच्या त्यांच्या फाट्यावर उतरवत मी घरी पोचायचो चतुर्थीच्या सकाळी, एखाद्या वर्षी दुपारी. तोवर गणपती पाटावर बसलेला असायचा, त्याच्यावर रानफळाफुलांची माटवी बांधलेली असायची, भिंत रंगलेली असायची, चुलीवर काळ्या वाटाण्याचं सांबारं असायचं. मला वाटायचं, घर असंच असतं.

५.१५

चूल पेटवली. गॅस आहे, पण सिलिंडर उद्याच्या सतरा माणसांसाठी राखून ठेवला. भाद्रपदात लाकूड कितीही झाकून ठेवा, आतून ओलंच. आधी चुडताची सुकी पाती, मग सोडणं, मग करवंट्या, आणि त्यांनी जीव धरला की मग लाकूड. हा क्रम चुकला की डोळ्यांत धूर. आज एकदाच चुकला.

उकड्या तांदळाची पेज, वर चमचाभर तूप, बाजूला लोणच्याची फोड. मागीलदारच्या पायरीवर बसून प्यालो. समोर कुणग्यातलं भात पोटरीत आलंय. पोटरीतल्या भाताचा एक वास असतो, दुधासारखा. तो सकाळीच येतो, उन्हं वर आली की गेला.

६.००

बाव. मे महिन्यात या बावीवर रहाट ओढून ओढून तळहात सोलतात. आता कळशी वाकून नुसत्या हाताने बुडते. आतल्या चिऱ्यांच्या सांध्यांतून नेचे उगवलेत आणि एक बेडूक चारही पाय पसरून पाण्यावर निवांत तरंगतोय. त्याला पोहऱ्याने काढायला गेलो, तर खाली बुडी मारली. राहू दे म्हटलं. पंचायतीने दिलेली टीसीएल पावडर परवाच टाकली होती, तिलाही तो पुरून उरलाय.

लाईट होती तोवर पंप लावून टाकी भरून घेतली. इथे वारा सुटला की लाईट जाते आणि ती कधी येईल हे वाराच ठरवतो.

६.४० ते ९.००

यादीतलं पहिलं कलम, खाली दोन रेघा मारून: पायऱ्या. रस्त्यापासून खळ्यापर्यंत जांभ्याच्या अकरा पायऱ्या आहेत. जांभा पाणी पितो आणि जून लागला की त्याच्यावर शेवाळ धरतं. वरून हिरवं मखमल, पण पाय ठेवला की माणूस थेट खालच्या पायरीवर. मोठ्या वहिनीचा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. त्यामुळे इथे हयगय नाही.

हिराचा खराटा, तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडर. पहिल्या तीन पायऱ्या उत्साहात झाल्या. चौथीला कंबर बोलायला लागली. सहावीवर बसलो तो बसलोच. कंडक्टरला उभं राहायची सवय, वाकायची नाही.

बसल्या जागी, पायरीच्या कडेला तेरडा दिसला. ओळीने पंधरा-वीस रोपं, गुलाबी. म्हणायला तेरड्याचा रंग तीन दिवस, पण आमच्या पाखाडीवर तो नागपंचमीला सुरू होतो आणि घटस्थापनेपर्यंत रेंगाळतो. फुलांच्या खाली हिरवी टपोरी बोंडं. एकाला बोट लावलं. फट्‌ झालं, साल स्प्रिंगसारखी वळली आणि बिया थेट माझ्या चष्म्यावर. मग दुसरं. मग तिसरं. सहाव्या पायरीवर बासष्ट वर्षांचा माणूस तेरड्याची बोंडं फोडत बसलाय हे रस्त्याने दूध घेऊन जाणाऱ्या पोराने पाहिलं. तो काही बोलला नाही, पण हसला.

अकरावी पायरी झाली तेव्हा कंबर तशीच दुखत होती, चिडचिड मात्र गेली होती. तेरडा कडेने तसाच ठेवलाय. ब्रश त्याच्यापासून चार बोटं लांब थांबवला. धाकट्या भावाच्या जुळ्यांना उद्या ती बोंडं लागतील.

९.०५

फोन.

“पायऱ्यो घासून झाल्यो काय?”

“झाल्यो.”

“अकराय?”

“अकराय.”

“आणि गोधड्यो? आज उन्हाचा काय दिसता?”

आभाळाकडे बघितलं. पूर्वेला एक फट होती.

“दिसता थोडां,” म्हटलं.

“चुलीर सुकवू नुको हां. धुराचो वास येतलो, बाळाक खोकलो होतलो.”

९.३० ते १०.५०

गोधड्यांविषयी मला जे म्हणायचंय ते मुंबईत राहणाऱ्याला कळणं कठीण आहे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत कपाटात ठेवलेली गोधडी बाहेरून कोरडी दिसते. नाकाला लावली की समजतं. कुबट. एखाद्या घडीवर बुरशीचे राखी ठिपकेही असतात.

अकरा गोधड्या, चार गाद्या, नऊ उश्या. सगळं लोट्यावरून, म्हणजे ओसरीवरून, खळ्यात आणलं. बांबूच्या दांड्यांवर घातलं. फटीतून ऊन आलं, अगदी चांगलं, पाठ भाजावी असं. पाच मिनिटं. मग डोंगराकडून सरींचा आवाज आला. आमच्याकडे सर आधी ऐकू येते, मग दिसते, मग लागते. ऐकू आल्यापासून लागेपर्यंत मिनिटभर हातात असतो. त्या मिनिटात अकरा गोधड्या आत. सर गेली, ऊन आलं. अकरा बाहेर. पुन्हा आवाज. अकरा आत.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी बाहेर काढल्याच नाहीत आणि लोट्यावर बसून बघत राहिलो, तर ऊन सलग पाऊण तास पडलं. मला हे मनाला लावून घ्यायचं नव्हतं, पण लागलं. शेवटी अर्ध्या गोधड्या खळ्यात, अर्ध्या लोट्यावर अशी तडजोड केली. कपाटाच्या तळाशी बायकोने निरगुडीचा पाला सुकवून ठेवला होता. तो चुरून घड्यांमध्ये घातला. कुबट वास अगदी गेला नाही, पण त्याच्यावर काहीतरी कडसर, औषधी बसलं. लहानपणी आजोळी झोपायला गेल्यावर जो वास यायचा तोच. म्हणजे तिथेही हीच भानगड असणार.

११.००

सारवण. घरभर फरशी झालीय, मागची चुलीची पडवी तेवढी मातीची राहिलीय. बायकोने ती मुद्दाम तशी ठेवलीय, फरशीवर बसून मोदक वळताना पाय गारठतात म्हणून. शेजारच्या काकींच्या गोठ्यातून बादलीभर शेण आणलं. गावात आता गुरं चारच घरांत. शेण मागायला जाणं हे उसनी साखर मागण्यासारखं झालंय, आधी पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलावं लागतं.

सारवायला मी दारापासून सुरुवात केली आणि आत आत सरकत गेलो. हात चांगला बसला, बोटांच्या कमानी एकसारख्या उमटत होत्या, मला माझं कौतुक वाटायला लागलं होतं. मागून काकी आल्या. पंचाहत्तरीच्या आहेत. दारात उभ्या राहून थोडा वेळ बघत राहिल्या.

“खयसून भायर येतलंस रे तू?”

मी मागे बघितलं. मी चुलीच्या कोपऱ्यात होतो आणि दारापर्यंत सगळी जमीन ओली.

“आता थयच रव सुकापर्यंत,” म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसत बसल्या. मग त्यांनीच फळी आणून टाकली, मी तिच्यावरून तोल सावरत बाहेर आलो, आणि त्यांनी उरलेली जागा कोपऱ्याकडून दाराकडे, मागे मागे येत पाच मिनिटांत संपवली. माझ्या कमानींवरून एकदा हात फिरवून त्याही पुसल्या. काही बोलल्या नाहीत. न बोलणंच लागलं जास्त.

१२.३०

कुळथाची पिठी आणि भात. श्रावण संपला तरी गणपती होईपर्यंत मासे नाहीत.

१.२०

पाऊस. सकाळच्या सरी म्हणजे नुसती चेष्टा होती. आता पन्हळी ओतायला लागल्या, खळ्यात पाण्याची चादर पसरली आणि लाईट गेली.

अंधारात करण्याजोगं काम एकच होतं: माळा. टॉर्च तोंडात धरून शिडीने वर गेलो. पाळणा तिथे आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतून माझ्या आजोबांनी आणलेला, लाखेच्या रंगाचा, कठड्याला कातीव मोगऱ्या. थोरला भाऊ त्यात झोपला, मग मी, मग धाकटा, मग आमचा मुलगा. उद्या त्या मुलाचा मुलगा झोपेल. पाच महिन्यांचा आहे. मी त्याला आजवर फोनच्या पडद्यावरच बघितलंय.

वर्षानुवर्षं दोर घासून घासून पाळण्याच्या कडीच्या जागी लाकडाला खाच पडलीय. ओल्या फडक्याने पुसला तसा खालून लाल रंग वर आला, मग पिवळा, मग एक हिरवी रेघ. मी विसरलोच होतो ती. मोगऱ्यांपैकी दोन नाहीत. एक मी तोडली होती, दुसरीचं मला माहीत नाही.

दोर नायलॉनचा नवा आणलाय. आई असती तर केवणीचाच घाल म्हणाली असती. केवणीची ओली साल काढून वळली की दोर होतो, माटवी आम्ही अजून त्याच्यावरच बांधतो. पण नातू म्हटल्यावर मी नायलॉनवर विश्वास टाकला. पाळणा वाशाला टांगून त्यात तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं ठेवलं आणि अर्धा तास तसंच झुलत ठेवलं. बाळ सात किलोचं आहे. पण गणपतीची गाडी सीटांच्या हिशेबाने कधीच भरत नाही, हे मला माहीत आहे.

३.३०

पाऊस थांबला. यादीत अजून नऊ कलमं. उश्यांचे अभ्रे धुवायचे होते. घरात वॉशिंग मशीन आहे, पण लाईट नव्हती, म्हणून बादली घेऊन व्हाळावर गेलो.

व्हाळ घराच्या मागे, पोफळींमधून खाली उतरून दोनशे पावलांवर. जूनमध्ये तो लाल असतो, डोंगराची माती घेऊन येतो. भाद्रपदापर्यंत धुऊन धुऊन स्वच्छ होतो. आत्ताच्या पावसाने चढला होता, पण तळातला एक एक खडा दिसत होता. कडेला एक काळा सपाट धोंडा आहे, मधोमध किंचित खोलगट. अभ्रे त्याच्यावर आपटले. दहा मिनिटांत झाले. नऊ अभ्र्यांना लागतो किती वेळ.

मग निघायच्या ऐवजी त्या धोंड्यावर बसलो. पाय पाण्यात सोडले. पाणी घोट्यांना इतकं गार लागलं की दात आवळले गेले, आणि मग ते गार लागायचं थांबलं. थोड्या वेळाने बारीक मासळ्या आल्या. नखाएवढ्या. टाचेच्या भेगांना तोंड लावून टुचुक करतात आणि पळतात, पुन्हा येतात. पाण्यावर आलेल्या फांदीवर एक टाचणी बसली होती, काळी, पंख मिटून. ती उडाली नाही. समोरच्या काठावर शेरवड. त्याची पांढरी पानं लांबून फुलं वाटतात. खरं फूल मधोमध असतं, बारीक, शेंदरी पिवळं, आणि ते पांढरं म्हणजे मोठी झालेली पाकळीही नव्हे, फुलाच्या खालचं निदल. चौतीस वर्षं मी माटवीत लोंबकळणारा शेरवड बघितला. त्याला खरं फूलही असतं हे आज बघितलं.

कंबर कधी दुखायची थांबली ते लक्षात आलं नाही.

बायकोची एक सवय होती. गणपतीच्या आदल्या आठवड्यात, कामाचा डोंगर पडलेला असताना, ती दुपारी बादली उचलायची. “व्हाळार जावन येतंय.” त्या बादलीत दोन पातळं असायची, कधी एकच. आणि तास-दीड तास येत नसे. आई कुरकुरायची, दोन कपड्यांना हिला तास लागतो. एखाद्या वर्षी मी आधी सुटी मिळून घरी असलो तर ते ऐकायचो, आणि खरं सांगायचं तर आईचं म्हणणं मला पटायचं. मशीन घेतल्यावर मी तिला म्हणालोही होतो, आता व्हाळावर जायची कटकट गेली. ती ‘होय’ म्हणाली होती. तरी जायची.

मी बसलो होतो तो खोलगट भाग कशाने झालाय, कपडे आपटून की बसून, ते कळण्याजोगं नव्हतं.

४.४५

वर आलो तर काकी लोट्यावर बसलेल्या.

“खय गेललंस? गॅसवालो येवन गेलो. चार हाको मारलंय.”

मला एकही ऐकू आली नव्हती. व्हाळावर पाण्याच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नाही. तिथून घरही दिसत नाही, पोफळी आड येतात.

५.००

उजेड होता तोवर सड्याकडच्या वाटेने एक चक्कर मारली. माटवीचं सामान उद्या दुपारी काढायचं, भाऊ आणि पोरं आल्यावर. आज नुसतं कुठे काय आहे ते बघून ठेवायचं. कातळावर सीतेची आसवं फुललीत, निळसर जांभळी, बोटभर उंचीची, हजारोंनी. गरिबासारखं दिसणारं हे फूल कीटकभक्षी आहे हे पोरांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. मुळांसारख्या धाग्यांवर बारीक पिशव्या असतात आणि ओल्या मातीतले जीव त्यात ओढले जातात. गेल्या वर्षी धाकट्याच्या एका जुळ्याने त्याच्याजवळ बोट न्यायला नकार दिला होता.

कळलावी कुंपणावर आहे. तिरफळांचे घोस आहेत. कांगलं आहे. हरणं पिवळीधमक, हवी तेवढी. कवंडळ मात्र शोधावं लागलं. लाल, लिंबाएवढं फळ, खायच्या कामाचं नाही, पण माटवीत ते नसेल तर माटवी फिकी दिसते. पूर्वी वाटेच्या प्रत्येक वळणावर वेल असायचा. आज दोनच ठिकाणी मिळाला, आणि एका वेलावर तीनच फळं. डोंगर साफ करून काजू लावला लोकांनी. लोकांनी म्हणजे काय, आमच्या बाजूचा उतार मीच साफ करून घेतला, निवृत्तीचे पैसे हातात आले त्या वर्षी. कलमं चांगली वाढलीत. त्यांच्याखाली काही उगवत नाही.

तीनपैकी एक फळ वेलावर ठेवायचं हे उद्या पोरांना सांगितलं पाहिजे. सांगितलं तरी ती ऐकतील असं नाही.

६.३०

गणपतीची भिंत. पाटामागच्या भिंतीवर दरवर्षी नवं चित्र काढतात. गेल्या वर्षीचा मोर अजून तसाच आहे, धाकट्या वहिनीने काढलेला, पिसाऱ्याचे डोळे मोजून पंचवीस. पुतणी उद्या नवं काढणार, तिला भिंत कोरी हवी. ब्रश डिस्टेंपरमध्ये बुडवून दोनदा उभा राहिलो. शेवटी मोराच्या शेपटीकडून सुरुवात केली. तोंड सगळ्यात शेवटी.

शाळेत पाट नागपंचमीलाच दिलाय. आमच्याकडे मूर्तिकाराच्या कारखान्याला शाळाच म्हणतात. मूर्ती परवा सकाळी थोरला भाऊ डोक्यावरून आणील. ती माती आमच्याच गावच्या कुणग्यातली.

७.१५

लाईट आली. दिवा लावला. मग कागद घेऊन कोण कुठे झोपणार याचा चार्ट बनवला. हे एक काम मला बिनचूक येतं. वळईत पुरुष सहा. माजघरात थोरली वहिनी, भिंतीला लागून, खाटेवर, कारण गुडघा. तिच्या शेजारी धाकटी. कोपऱ्यातल्या खोलीत मुलगा, सून आणि पाळणा. जुळी कुठेही ठेवली तरी रात्री दुसरीकडेच सापडतात. मध्ये चालायला वाट सोडली, संडासाकडे जाणारी, कारण रात्री दोन वाजता अंधारात कुणाच्या तरी पोटावर पाय पडतोच. बायकोचं नाव आधी माजघरात लिहिलं. मग खोडून चुलीच्या पडवीलगतच्या खोलीत लिहिलं, जिथे ती एरवी झोपते. पाहुणी असली म्हणून काय झालं.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचं. गणपतीच्या आरक्षणाला दोन्हीचा उपयोग सारखाच. सकाळी आठला खिडकी उघडली आणि तीन मिनिटांत मुलाला वेटिंग दिसायला लागलं. पहिल्या तीन मिनिटांत कोकणकन्येची तीन कन्फर्म तिकिटं हाती लागली. बाकीचे गणपती स्पेशलने, दोघं एसटीने, थोरला स्वतःच्या गाडीने. येतील. दरवर्षी सगळे येतातच.

८.३०

दोन घावणे, चहा. काळे वाटाणे उद्यासाठी भिजत घातले, दीड किलो. मग कागद पुन्हा बघितला आणि आणखी अर्धा किलो घातले.

टॉर्च आणि काठी घेऊन घराभोवती एक फेरी. चिऱ्यांच्या गडग्याशी, लाकडांच्या राशीशी, न्हाणीच्या मागे काठी आपटत गेलो. आमच्या भागात फुरसं असतं. हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, आणि शहरातून आलेलं पोर उघड्या पायांनीच धावतं. गवत परवाच मशीनने कापून घेतलंय. काही दिसलं नाही. पायरीवर एक खेकडा मात्र नांग्या उगारून उभा राहिला. सकाळी घासलेली पायरी त्यालाही आवडली असावी.

११.५५

फोन. मागे स्टेशनाचा गलबला, घोषणा, कुणाचं तरी पोर रडतंय. आमचं असावं.

“ठाण्याक गाडी इली. बसलंव. जागो मेळली.”

“बाळ?”

“रडता. गाडी हलली की निजात.” मग थोडं थांबून, “गोधड्यो?”

“सुकल्यो.”

“चुलीर?”

“नाय, नाय. उन्हात.” हे तीन चतुर्थांश खरं आहे.

ती पायऱ्यांचं पुन्हा विचारील असं वाटलं. टाकीचं, सिलिंडरचं, तांदळाच्या पिठीचं. उत्तरं माझ्याकडे तयार होती. पलीकडे गाडीची शिट्टी झाली.

“व्हाळाक पाणी किती असा?”

“चढलां हा दुपारचा. गुडघ्याभर.”

“माजो धोंडो बुडलो काय ओ?”

“नाय,” म्हटलं. “चार बोटां वर असा.”

ती काहीतरी म्हणाली, पण तेवढ्यात पारसिकचा बोगदा आला असावा. रेंज गेली.